संयोग दिसतो, पितृत्व दिसत नाही : कीटकांच्या लैंगिक निवडीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

माझा पहिला स्वतंत्र प्रयोग फुकट गेला, त्या दिवशी मी फळमाश्यांच्या कुप्या ट्रेमध्ये मांडून मोजदाद करत होते. नियंत्रण गटाच्या कुप्यांत नर सोडलेलेच नव्हते, आणि तरीही त्यांपैकी दोन कुप्यांच्या खाद्यात अळ्या वळवळत होत्या. मादी नराशिवायही अंडी घालते, परंतु ती फलित नसल्याने उबत नाहीत. त्यामुळे नुसती अंडी दिसली असती तर काळजीचे कारण नव्हते. अळ्या दिसल्या याचा अर्थ मात्र एकच होता, की ज्यांना मी ‘व्हर्जिन’, म्हणजे नराशी संयोग न झालेल्या, समजत होते त्यांतल्या काही माद्यांचा नराशी संयोग आधीच झालेला होता, आणि तीन आठवड्यांचे आकडे आता कोणत्याही उपयोगाचे राहिले नव्हते.

चूक कुठे झाली ते नंतर कळले. 25 अंश सेल्सिअसला फळमाशी अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण दहा दिवस घेते आणि कोषातून बाहेर पडलेली मादी पहिले सुमारे आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून बाटलीतल्या सगळ्या प्रौढ माश्या काढून टाकायच्या आणि आठ तासांच्या आत परत येऊन मधल्या काळात जन्मलेल्या माद्या वेचायच्या, ही सर्वत्र चालत आलेली पद्धत आहे. मी बाटली रिकामी केली होती, पण कापसाच्या बोळ्याच्या खालच्या बाजूला चिकटून बसलेला एक नर माझ्या नजरेतून सुटला. तेव्हापासून वेचलेल्या माद्या मी तीन दिवस वेगळ्या कुपीत ठेवते, खाद्यात अळी दिसते का ते पाहते आणि मगच त्यांना प्रयोगात घेते. नवजात माशी ओळखण्याची खूणही लवकर शिकून घ्यावी: अंग फिकट, पंख पुरते न उलगडलेले आणि पोटाच्या पातळ त्वचेतून दिसणारा एक काळसर ठिपका. हा ठिपका दिसला तर घड्याळाकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

एवढी दक्षता कशासाठी, हे समजायला या विषयाचा इतिहास थोडा तरी माहीत हवा. डार्विनने 1871 मध्ये लैंगिक निवडीची सविस्तर मांडणी केली, तेव्हा त्याचे लक्ष जोडीदार मिळेपर्यंतच्या चढाओढीकडे होते: नरांची झुंज आणि मादीची पसंती. संयोग झाला की स्पर्धा संपली, असे त्यानंतरही बराच काळ गृहीत धरले गेले. जेफ्री पार्कर यांनी 1970 मध्ये शेणमाशीच्या अभ्यासातून दाखवले की मादी एकाहून अधिक नरांशी संयोग करते, त्या नरांच्या शुक्राणूंची तिच्या शरीरात स्पर्धा चालते आणि शेवटच्या नराच्या वाट्याला सुमारे 80 टक्के अंडी येतात. संयोगानंतरही नर मादीच्या पाठीवर पहारा देत का बसतो, हे कोडे या एका आकड्याने सुटले. 1979 मध्ये जोनाथन वॉग यांनी टाचणीसारख्या नाजूक चतुरांच्या एका जातीत तर असे दाखवले की नर आपले शुक्राणू सोडण्याआधी जननेंद्रियाच्या साहाय्याने आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो. विल्यम एबरहार्ड यांनी पुढे मादीची बाजू मांडली: कोणते शुक्राणू साठवायचे, कोणते टाकायचे आणि कोणते वापरायचे यावर तिच्या शरीराचेही नियंत्रण असते, आणि ते बाहेरून दिसत नाही. माझे सगळे काम या तिसऱ्या मुद्द्याभोवती फिरते. नव्याने येणाऱ्यांनी वाचनाची सुरुवातही तिथूनच करावी असे मला वाटते, कारण नरांच्या झुंजीबद्दल वाचायला कुणाला सांगावे लागत नाही.

अँगस बेटमन यांचा 1948 चा फळमाश्यांवरील निबंध मात्र टाळता येणार नाही. नराची संतती जोडीदारांच्या संख्येबरोबर वाढते, मादीची तितकी वाढत नाही, हा त्याचा निष्कर्ष पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत शिकवला गेला. पिल्लांचे आईबाप ओळखण्यासाठी बेटमन यांनी डोळ्यांनी दिसणारी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बदल, वापरली होती. 2012 मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आईचे आणि वडिलांचे अशी दोन्ही उत्परिवर्तने वाट्याला आलेली पिल्ले अपेक्षेपेक्षा कमी जगतात असे आढळले. म्हणजे मोजणी ज्या पिल्लांच्या भरवशावर होती तीच मोजणीआधी मरत होती. निष्कर्षाचा गाभा इतर प्राण्यांत टिकतो का, यावर आजही वाद आहे. नवागताने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की पितृत्व आपल्याला थेट दिसत नसते, ते कुठल्या तरी खुणेवरून ठरवावे लागते, आणि ती खूण स्वतःच पिल्लाचे नशीब बदलत असेल तर आपला आकडा खोटा ठरतो.

माझ्या एका सहाध्यायीने याच जातीची चूक केली होती. मादी पांढऱ्या डोळ्यांची, पहिला नर पांढऱ्या डोळ्यांचा, दुसरा नर नेहमीच्या लाल डोळ्यांचा, अशी त्याची मांडणी होती, आणि लाल डोळ्यांची पिल्ले मोजून तो दुसऱ्या नराचा वाटा काढत होता. हा वाटा दर वेळी निम्म्याच्या आतच येऊ लागला. पांढऱ्या डोळ्यांचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, मुलग्यांना एक्स फक्त आईकडून मिळते, त्यामुळे बाप कोणीही असला तरी सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचेच होणार, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकलेले सत्य दोन महिने कोणाच्या लक्षात आले नाही. केवळ मुली मोजल्यावर आकडे जागेवर आले. त्यातही पांढऱ्या डोळ्यांच्या नरांना धड दिसत नसल्याने त्यांचे प्रणयाराधन कमी पडते, म्हणून नरांचा क्रम उलटा करून तोच प्रयोग पुन्हा करावा लागतो.

आणखी एक सवय लावून घ्यावी, ती भाषेची. माझ्या वहीत सुरुवातीला ‘मादीने नकार दिला’, ‘नराने हट्ट केला’ अशी वाक्ये असत, आणि मार्गदर्शक त्यांवर लाल शाईने फक्त ‘काय दिसले?’ असे लिहीत. दिसले ते असे: नर मागे मागे चालला, पुढच्या पायाने त्याने मादीला स्पर्श केला, एक पंख आडवा पसरून थरथरवला, मादीने अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचा अवयव) बाहेर काढला आणि ती पुढे सरकली. हा फरक किती मोलाचा आहे ते कडधान्यातल्या भुंगेऱ्यांवरून कळते. त्यांच्या नराच्या जननेंद्रियावर काटे असतात आणि संयोगाच्या अखेरीस मादी मागच्या पायांनी त्याला लाथा मारते. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मादीला लाथा मारता येणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा संयोग लांबला आणि तिच्या अंतर्गत जखमा अधिक गंभीर झाल्या. ‘मादी वैतागली’ असे लिहून जो थांबला असता, त्याला हा प्रयोग सुचलाच नसता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फळमाश्या सकाळी दिवे लागल्यावर अधिक उत्साहाने संयोग करतात, तेव्हा दुपारी येऊन निरीक्षण करणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माश्यांना प्रयोगाआधी निदान एक दिवस विश्रांती द्यावी. एकाच कुपीत वाढलेल्या दहा माश्या म्हणजे दहा स्वतंत्र नमुने नव्हेत, हे संख्याशास्त्र शिकवणाऱ्याकडून प्रयोगाआधी समजून घ्यावे, नंतर नाही. आणि कुप्यांवरची चिठ्ठी कोणत्या गटाची आहे हे मोजणाऱ्याला कळू नये, अशी व्यवस्था असावी.

विच्छेदन मात्र सावकाश शिकावे. मादीच्या शरीरात शुक्राणू साठवण्याच्या जागा आहेत: अळिंबीच्या आकाराचे दोन शुक्राणुकोश आणि एक लांब, वेटोळी नळी. पहिले चाळीसएक कोश माझ्या चिमट्याखाली फुटले. आता फळमाश्यांचे असे वाण उपलब्ध आहेत की ज्यांच्या नरांच्या शुक्राणूंची डोकी लाल किंवा हिरवी चमकतात. दोन नरांशी संयोग झालेल्या मादीत ती सरमिसळ डोळ्यांनी पाहता येते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दुसऱ्या संयोगाला जेमतेम काही तास झाले होते, मादीने गर्भाशयातला बराचसा ऐवज बाहेर टाकलेला होता, आणि कुपीच्या तळाशी पडलेल्या त्या थेंबात लाल व हिरवी दोन्ही डोकी होती. नकार, पसंती, विजय असले शब्द त्या दिवशी वहीत आले नाहीत; कोशात लाल किती, हिरवी किती, थेंबात लाल किती, हिरवी किती, असे चार रकाने आखले आणि मोजायला बसले.