सगळ्यांच्या एडिटरची सेटिंग एका फटक्यात बदलताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या इंदूरच्या विजयनगरमधल्या छोट्याशा ऑफिसात सर्व्हर बदलला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे. "अरे काय करून ठेवलंस तू, राइट क्लिकने पेस्टच होत नाहीये." काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, विमवर हात बसलेला (भांडी घासायचं विम नव्हे, फाइल लिहायचा एडिटर), आणि मी खरंच काही केलं नव्हतं, जुनाट डेबियन लिनक्स काढून नवा टाकला होता एवढंच. पण "मी काही केलं नाही" हे वाक्य सर्व्हर सांभाळणाऱ्याने बोलून उपयोग नसतो.

झालं असं होतं की २०१६ मध्ये विम ८ आलं, त्यात नवीन लोकांसाठी एक डीफॉल्ट्सची फाइल आली. तुमची स्वतःची विमआरसी (विमची आपली सेटिंग लिहायची फाइल) नसेल तर ही फाइल आपोआप लागते, रंग येतात, शोधताना टाइप करता करता कर्सर उडी मारतो, आणि माऊस चालू होतो. माऊस चालू झाला की टर्मिनलचं (कमांड टाइप करायच्या खिडकीचं) राइट क्लिक विम गिळून टाकतं. नवीन पोरांना मस्त, काकांचं पेस्ट गेलं. तात्पुरता उपाय सोपा आहे, शिफ्ट दाबून धरा आणि मग सिलेक्ट-पेस्ट करा, बहुतेक टर्मिनलमध्ये चालतं.

पहिली चूक: जुन्या लोकांकडे स्वतःची सेटिंग असेलच असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. मला वाटायचं की डीफॉल्ट बदललं तर त्रास नवशिक्यांना, जुन्यांना काय, त्यांच्याकडे दोनशे ओळींची फाइल असते. उलटं आहे. दोनशे ओळीवाला बऱ्यापैकी सुरक्षित, त्याने त्याचं सगळं लिहून ठेवलंय. मार बसतो तो ज्याने वीस वर्षांत एकही ओळ लिहिली नाही त्याला, कारण त्याला जे मिळत होतं तेच पाहिजे होतं, लिहायची गरजच पडली नाही. आपल्याकडे पोह्यांवर शेव आणि जीरावन न विचारता पडतं, पुण्याचा पाहुणा ओलं खोबरं शोधत बसतो ती गोष्ट वेगळी, पण इंदूरचा माणूस ठेल्यावर "शेव टाका" असं कधी म्हणतो का? म्हणून उद्या ठेलेवाल्याने शेव बंद केली आणि "कोणीच मागत नव्हतं" असं सांगितलं तर कसं वाटेल, तसं काकांना वाटलं.

म्हणून बदल करायच्या आधी ज्यांच्याकडे विमआरसी नाहीये त्यांची यादी काढा. आमच्याकडे अकरा जणांत चौघे निघाले, त्यातले दोघे सगळ्यात जुने.

दुसरी चूक: दुरुस्ती चुकीच्या जागी टाकणं

मी हुशारी केली, सगळ्यांसाठीच्या कॉमन विमआरसीत माऊस बंद करायची ओळ टाकली आणि काकांना म्हटलं बघा आता. काही फरक नाही. दोन तास डोकं खाल्लं. मग कळलं की कॉमन फाइल आधी वाचली जाते आणि डीफॉल्ट्सची फाइल नंतर, म्हणजे मी जे बंद करत होतो ते ती मागून येऊन परत चालू करत होती. करायचं असं, की कॉमन फाइलमध्ये आपणच आधी डीफॉल्ट्स फाइल सोर्स करायची (म्हणजे तिथेच वाचून घ्यायची), मग ती पुन्हा लागू नये म्हणून स्किप डीफॉल्ट्सचं व्हेरिएबल १ करायचं, आणि त्याखाली आपली ओळ. या ओळी विमच्या हेल्पमध्ये तयार आहेत, हेल्प डीफॉल्ट्स डॉट विम असं टाका आणि तिथून कॉपी करा, पाठ करू नका.

याचंच दुसरं टोक नवीन आलेल्या मुलीला लागलं. तिला ओळींचे नंबर हवे होते, तिने विमआरसी बनवून त्यात एकच ओळ लिहिली, आणि बाकीच्या सवयीच्या गोष्टी गायब. शोधताना उडी नाही, स्क्रोल करताना कर्सरच्या वर-खाली ५ ओळी दिसायच्या त्या नाहीत. "दादा, मी फक्त नंबर लावले हो!" बिचारीचं बरोबर होतं. स्वतःची फाइल आली की डीफॉल्ट्स फाइल लागतच नाही, एक ओळ लिहिली तरी. तिच्याही फाइलच्या डोक्यावर तीच सोर्सची ओळ टाकली, झालं.

कुठली सेटिंग कुठून आली हे अंदाजाने शोधू नका. विममध्ये व्हर्बोज सेट माऊस आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की शेवटी कोणत्या फाइलने ती लावली ते समोर येतं. आणि काहीही तक्रार आली की पहिलं काम, एडिटर कोरा उघडून बघा. विमला डबल डॅश क्लीन, एमॅक्सला (तो दुसरा जुना एडिटर) डॅश कॅपिटल क्यू. कोऱ्यात प्रॉब्लेम दिसत नसेल तर भांडण तुमच्याच फाइलींशी आहे, बनवणाऱ्यांना शिव्या घालू नका. फक्त एक लक्षात ठेवा, क्लीनमध्येही विमची ती डीफॉल्ट्सची फाइल लागतेच, त्यामुळे काकांचा प्रॉब्लेम तिथेही दिसतो.

तिसरी चूक: पोरांना "शिकवायला" बाणाच्या कीज बंद करणं

आमच्या एका सिनियरने हे खरोखर केलं, कॉमन फाइलमध्ये चारही बाण बंद, का तर एच-जे-के-एल ने कर्सर हलवायची सवय लागावी. भिया, ते काही वेदवाक्य नाहीये. १९७६ च्या सुमारास बिल जॉयने व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिलं तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण त्याच चार अक्षरांवर छापलेले होते, वेगळ्या बाणाच्या कीज नव्हत्याच. म्हणजे ज्याला आपण तपश्चर्या समजतो ती त्या काळची हाताशी असलेली सोय. ज्याला कडक अभ्यास करायचाय त्याने स्वतःच्या फाइलमध्ये करावा, दुसऱ्याच्या ताटात वाढू नये.

चौथी चूक: गिटचा एडिटर सगळ्यांसाठी बदलून मोकळं होणं

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करताना व्हीआय उघडतं आणि नवीन माणूस आत अडकतो, बाहेर पडता येत नाही, हे सगळ्या जगाला माहितीये. फेडोरा लिनक्सने २०२० मध्ये, आवृत्ती ३३ मध्ये, याच भानगडीमुळे डीफॉल्ट एडिटर नॅनो केला, आणि मला तो निर्णय पटतो, खाली कीज लिहिलेल्या दिसतात म्हणजे निदान बाहेरचा रस्ता तरी सापडतो. मीही सर्व्हरवर तेच केलं आणि पुढचा आठवडाभर कमिट मेसेजच्या शेवटी कोलन-डब्ल्यू-क्यू (विममधून सेव्ह करून बाहेर पडायची कमांड) लिहिलेलं दिसत होतं, जुन्यांची बोटं. डीफॉल्ट नॅनोच ठेवा, पण त्याच दिवशी जुन्यांच्या बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) एडिटर व्हेरिएबलमध्ये विम स्वतः टाकून द्या, त्यांना "तुम्ही टाकून घ्या" सांगू नका. नाहीतर ते घेत नाहीत आणि तुमच्या नावाने बोंब मारतात.

बाकी छोटं-मोठं पटापट सांगतो. निओविमवर (विमपासून निघालेला नवा एडिटर) गेलात आणि कॅपिटल वाय मारून ओळ कॉपी केली तर अर्धीच पेस्ट होते? ०.६ पासून, म्हणजे २०२१ पासून, तिथे वाय कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतच घेतं, कॅपिटल डी आणि सी जसं करतात तसं. तर्काला धरूनच आहे म्हणा, पण कर्सर पहिल्या अक्षरावर असला तरी पेस्ट वेगळ्या ओळीवर न होता त्याच ओळीत घुसते. कॉन्फिगमध्ये वायला अनमॅप करा, जुनं परत येतं.

एमॅक्समध्ये नवीन माणूस कट करायला कंट्रोल एक्स दाबतो, काही झालं नाही म्हणून कंट्रोल सी दाबतो आणि एमॅक्सच बंद होतं, कारण तिथे या दोन एकामागोमाग दाबणं म्हणजेच बाहेर पडणं. सीयूए मोड लावून द्या, टेक्स्ट सिलेक्ट असेल तेव्हाच कट-कॉपी होतं, नसेल तर कंट्रोल एक्स आणि कंट्रोल सी जुन्यासारख्याच. सगळ्यांसाठी मात्र लावू नका, जुना एमॅक्सवाला आधी सिलेक्ट करून मग कंट्रोल एक्सच्या कमांड मारतो, त्याचा मजकूर कट होऊ शकतो. दुसरं, एमॅक्स अपडेट केल्यावर काही बदललंय असं वाटलं तर कंट्रोल एच आणि मग एन, बदलांची यादीच उघडते, जुनं परत कसं आणायचं तेही बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

टर्मिनलमध्ये सवयीने कंट्रोल एस दाबलं आणि स्क्रीन गोठली, तर ते हँग नाहीये, कंट्रोल क्यू दाबा. हा टर्मिनलचा जुना स्वभाव आहे, एडिटरचा दोष नाही.

आणि हो, आपल्या लोकांसाठी खास एक. गणेशोत्सवाच्या दिवसांत तीच मुलगी घाबरून मला बोलवायला आली, "दादा, विम मेलं, एकही की चालत नाही." एस्केप दाबून बघितलं, जे दाबलं, के दाबलं, काहीच नाही. तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन मागून वाकले आणि म्हणाले, "अगं, मघाशी मंडळाची सूचना टाइप करत होतीस ना? कीबोर्ड मराठीवरच आहे बघ."