हरभऱ्याची आंब घाटेअळीला कुठवर रोखते?

हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते, हीच आंब. त्यातील ऑक्झॅलिक आम्लाने कोवळ्या घाटेअळीची वाढ खुंटते. दाण्यात दुसरा अडसर असतो. तिथली काही प्रथिने अळीच्या आतड्यातील पाचक विकरांना जखडतात, त्यामुळे खाल्लेले तिच्या अंगी लागत नाही. पण ही अळी वस्ताद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की हरभऱ्याच्या या प्रथिनांना तिची विकरे मोडून टाकतात. म्हणजे आंबेमुळे अळी मरत नाही, आपल्याला थोडी सवड मिळते. ती सवड अळी लहान असतानाच वापरावी. घाट्यात तोंड खुपसलेल्या मोठ्या अळीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही.

हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग २-३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आले, किंवा ओळीच्या एका मीटरमध्ये १-२ अळ्या दिसल्या, की फवारणीला लागावे.

पीक निम्मे फुलोऱ्यात असताना पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. सावलीत वाळवलेल्या, बुरशी न लागलेल्या ५ किलो निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. ते त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारावे; यातील ॲझाडिरेक्टिन हा मुख्य घटक उन्हात लवकर निकामी होते. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून लगेच जहाल औषध मारण्याची घाई नेहमीच होते, आणि ती खर्चिक असते. हा अर्क अळीचे खाणे तोडतो, कात टाकणे बिघडवतो. परिणाम दिसायला ३-४ दिवस लागतात.

पंधरा दिवसांनी अळ्या लहान असतील तर घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) हेक्टरी ५०० एलई (अळी-समतुल्य मात्रा), ५०० लिटर पाण्यातून संध्याकाळी फवारावा. अळीचे आतडे अल्कधर्मी असल्याने विषाणूचे कवच तिथेच विरघळते. अळ्या मोठ्या असतील तर मात्र इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक), १० लिटरला ४.४ ग्रॅम.

तुषार सिंचन असेल तर पाणी फुलोऱ्याआधीच आटपावे. वरून पडणाऱ्या पाण्याने आंब धुऊन जाते, फुलेही गळतात.