जुनी पॉइंट टू-टू रायफल घरच्या घरी कशी सावरावी

ओहायोतल्या आमच्या शेजारच्या आजींनी घर विकायला काढलं, तेव्हा तळघराच्या कोपऱ्यातली एक रायफल त्यांनी माझ्या हातात दिली. विंचेस्टर मॉडेल ६७, एका वेळी एकच काडतूस घेणारी. त्यांच्या यजमानांना ती शाळेत असताना मिळाली होती. ते गेल्यावर कित्येक वर्षं ती पाण्याच्या पाइपाला टेकून उभी होती. नळीवर तांबूस गंज, दस्त्यावर पोचे, मुठीजवळचं लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं. "टाकून द्यायला जीव होत नाही," म्हणाल्या. अशा रायफलीला काय करावं आणि काय करू नये, ते इथे सांगतो.

पॉइंट टू-टू (.२२) म्हणजे रिमफायर. ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ पदक घेतलं, ते याच काडतुसावर.

आधी कायद्याचं. भारतात पॉइंट टू-टूलाही परवाना लागतो, आणि शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते. तेव्हा तिकडच्या वाचकांनी लोखंडाचं काम त्याच्यावर सोपवावं; लाकडाचा भाग एअर रायफलच्या दस्त्यालाही तसाच लागू पडतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी अशा रायफलींवर क्रमांक (सिरीयल नंबर) घालायची सक्ती नव्हती, म्हणून मॉडेल ६७ वर क्रमांक दिसला नाही तर घाबरू नका. पण ज्या रायफलीवर क्रमांक आहे, त्या जागेला पॉलिश पेपर लावू नका. क्रमांक पुसणं हा गुन्हा आहे.

हात लावायचा का?

हा प्रश्न स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी विचारा. कारखान्यातला मूळ रंग बराचसा शिल्लक असेल, तर तेलाचा हात फिरवून थांबा. संग्राहक मूळ रंगाला पैसे मोजतात. नव्याने चकचकीत केलेल्या जुन्या रायफलीची किंमत उतरते. मॉडेल ६७ ही १९३४ ते १९६३ अशी जवळजवळ तीस वर्षं बनत होती आणि आजही सहज सापडते, म्हणून पहिल्यांदा हात बसवायला ती चांगली.

माझ्या पहिल्या रायफलीची नळी मी ड्रिलला बफ लावून घासली होती. तासाभरात ती आरशासारखी झाली, आणि नळीवरची कंपनीची अक्षरं कडा झिजून अर्धवट पुसली गेली. ती परत आणता येत नाहीत. त्या दिवसापासून बंदुकीच्या कामात मी मशीन वापरत नाही.

उघडण्याआधी

बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. नळीखाली ट्यूब मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची दुसरी नळी, असलेल्या रायफलींत वर्षानुवर्षांपूर्वीचं एखादं काडतूस अडकून राहिलेलं असतं, म्हणून ट्यूबची आतली दांडी पूर्ण बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात आत बघा. खोलीत एकही काडतूस ठेवू नका.

मॉडेल ६७ चा चाप दाबून धरला की बोल्ट मागून बाहेर येतो, आणि दस्त्याखालचा मोठा स्क्रू सोडला की नळी लाकडातून सुटते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारंच हवं. घरातला साधा, टोकाकडे निमुळता होणारा स्क्रूड्रायव्हर निसटतो आणि खाच फाडतो. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून बघायचा मोह टाळा. बऱ्याच जुन्या रिमफायरमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खोक पडते.

गंज: खरवडू नका, उकळा

तांबडा गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. नळीवरचा काळा-निळा रंग, ज्याला ब्ल्यूइंग म्हणतात, तोही लोखंडाचंच ऑक्साइड, फक्त दुसऱ्या जातीचं, म्हणजे मॅग्नेटाइट. म्हणूनच व्हिनेगर किंवा बाजारातलं गंज काढायचं द्रावण गंजाबरोबर उरलासुरला रंगही खाऊन टाकतं आणि हातात पांढरीफटक नळी राहते. आणि म्हणूनच नुसतं उकळतं पाणी एवढं काम करतं: त्यात तांबड्या गंजाचं काळं ऑक्साइड होतं.

आधी वर आलेले गंजाचे पापुद्रे काढा. नळीला तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि १९८२ च्या आधीच्या अमेरिकन एक सेंटच्या नाण्याच्या कडेने खरवडा. त्या नाण्यांचा माल ९५ टक्के तांब्याचा होता. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पापुद्रा निघतो आणि नळीवर ओरखडा उठत नाही. १९८२ नंतरची नाणी आतून जस्ताची, ती नकोत.

मग अ‍ॅसिटोनने तेलाचा शेवटचा अंश काढा. खिडक्या उघड्या, शेगडी बंद, हातात रबरी मोजे. यापुढे उघड्या बोटाचा स्पर्शही नको, कारण बोटाच्या तेलकटपणाचा डाग तसाच उमटतो. मॉडेल ६७ ची नळीच २७ इंची, मागची चौकट धरून तीन फुटी स्टीलचा ट्रे लागतो. तो दोन शेगड्यांवर आडवा ठेवा. पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग बसतात. नळीच्या तोंडांना बुचं मारू नका, आतली हवा तापली की ती उडतात.

पाणी खळखळू लागलं की नळी तारेने अलगद आत सोडा. तांबूस ठिपके आधी चॉकलेटी होतात, मग जांभळट, मग काळे. अर्ध्या तासाने बाहेर काढलीत की तिच्या स्वतःच्या उष्णतेनेच मिनिटभरात कोरडी होते आणि अंगभर काजळीसारखी मऊ काळी भुकटी दिसते. चार शून्यांचं (००००), म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, तेही अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन वाळवलेलं, घेऊन ती हलक्या हाताने पुसा. घासायचं नाही, कपाळावरची पावडर पुसावी तितकंच. खाली जुना रंग आणि नवा काळा थर एकमेकांत मिसळलेला दिसतो. कुठे तांबडं उरलं असेल तर पुन्हा उकळा. नळीच्या आतून कोरडी चिंधी लगेच फिरवा.

माझ्या मते दहातल्या आठ रायफलींना याच्या पुढे काहीच करायची गरज नसते.

ज्यांचा रंग पूर्णच गेलाय, त्यांच्यासाठी हीच पद्धत एक पाऊल पुढे न्यायची. गंज आणणारं तयार द्रावण बाजारात मिळतं. ते कापडाने, जवळजवळ कोरडं वाटेल इतकं पातळ लावा आणि नळी दमट न्हाणीघरात काही तास टांगून ठेवा. तिच्यावर एकसारखा बारीक केशरी गंज आला की उकळा, पुसा, पुन्हा द्रावण. पाच-सात फेऱ्यांनी काळा रंग गडद होत जातो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि गरम असतानाच भरपूर तेल लावा. बाटलीतलं कोल्ड ब्ल्यू, म्हणजे न उकळता नुसतं चोळायचं रंगाचं द्रावण, स्क्रूच्या डोक्यासारख्या छोट्या जागेला ठीक आहे. अख्ख्या नळीवर ते डागाळतं आणि हाताळून लवकर उडतं. कारखान्यातली गरम क्षारांची पद्धत १४० अंशांच्या आसपासच्या कॉस्टिक द्रावणावर चालते. ती घरी करू नका.

आतली नळी मागच्या बाजूने साफ करा, गज पुढून घातला तर तोंडाची कड झिजते. उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कुठे गोल काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली आहे. अशी रायफल भिंतीवर लावा, चालवू नका.

दस्ता

विंचेस्टरचा दस्ता अक्रोडाचा असतो. टर्पेंटाइनसारख्या साध्या थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने तो आधी पुसा; कित्येकदा मळाखाली चांगला रंग असतो आणि काम तिथेच संपतं. तेल पिऊन काळी पडलेली जागा असेल तर खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्या. भुकटी सुकता सुकता तेल ओढून पिवळट होते. झटका, पुन्हा लावा.

पोचे घालवायला पॉलिश पेपर नको. पोचा म्हणजे दबलेले तंतू, ते तिथेच आहेत. ओलं फडकं दुमडून पोच्यावर ठेवा आणि कडक तापलेल्या इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद दाबा. चुरचुर आवाज होतो, वाफ आत शिरते आणि तंतू फुगून वर येतात. खोल पोच्याला दहा-बारा वेळा करावं लागतं. खोक पडून लाकूडच निघालं असेल तर मात्र ते भरत नाही.

शेवटी उचललेले रेषे बसवायला बारीक पॉलिश पेपर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. दस्त्याच्या मागच्या टोकावरची बट प्लेट जागेवर ठेवूनच घासा, नाहीतर लाकूड आत जातं आणि प्लेटची कड बाहेर येते. नळी बसते त्या कडांना अजिबात हात लावू नका.

मग बॉइल्ड म्हणून मिळणारं जवसाचं तेल. चार-सहा थेंब तळहातावर घेऊन, हात गरम वाटेपर्यंत लाकडात चोळा आणि उरलेलं पुसून घ्या. एक दिवस वाळू द्या. सहा-सात हातांनी अक्रोडाचे रेषे आतून उजळतात. या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो. त्या बाहेर तारेवर एकेक पसरून कडक वाळवा.

जोडणी

फोटो उलट्या क्रमाने बघत जोडा, स्क्रू अति आवळू नका. काडतूस घालण्याआधी एकदा बंदूक कारागिराकडून बोल्ट नीट बंद होतो का, पिन कडेवर योग्य जागी बसते का, हे तपासून घ्या. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत रायफल ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कपाटाला कुलूप लावा, आणि पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा पांढरं फडकं नळीवरून फिरवा. फडक्यावर तांबूस रेघ आली, तर कुठेतरी खड्ड्यात गंज जिवंत आहे. ट्रे पुन्हा शेगडीवर चढवायचा.