मोकळी रॅम नको, थांबलेला वेळ मोजा

लिनक्स सर्व्हर मधूनच अडखळायला लागला की बरेच जण 'फ्री' कमांड चालवतात आणि मोकळी मेमरी कमी दिसली की लगेच रॅम वाढवायला निघतात. त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. रिकामी रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) मुद्दाम पेज कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स हाताशी ठेवण्यासाठी वापरतो. बघायचाच तर 'अव्हेलेबल'चा (गरज पडली तर देता येईल अशा मेमरीचा) रकाना बघा.

प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) मेमरीसाठी किती वेळ खोळंबल्या, हा खरा प्रश्न. कर्नल 4.20 पासून /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइल तेच सांगते (सोय चालू केलेली असेल तर). 'सम' म्हणजे निदान एक टास्क अडकलं होतं. 'फुल' म्हणजे कामात असलेली सगळीच एकदम अडकली होती. 'फुल'च्या ओळीत 10 सेकंदांची सरासरी 8 दिसली, तर साधारण 8 टक्के वेळ फुकट गेला. हे गंभीर आहे.

मग /प्रॉक/व्हीएमस्टॅट ही मेमरीच्या मोजमापांची फाइल थोड्या अंतराने दोनदा वाचून फरक काढा, कारण आकडे बूट झाल्यापासून साचत आलेले असतात. पीजीस्कॅन_केस्वॅपडी वाढतोय? चालेल, पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) मोकळी करायचं ते काम कर्नल पडद्यामागे करतो. पीजीस्कॅन_डायरेक्ट वाढतोय, तर मात्र मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून पेजेस मोकळी करावी लागतायत. अडखळणं बहुधा इथलंच असतं.

अव्हेलेबल भरपूर असूनही त्याच फाइलमधला कॉम्पॅक्ट_स्टॉल (सलग जागा जुळवण्यासाठी प्रोग्राम किती वेळा थांबले) वाढत असेल तर संशय फ्रॅगमेंटेशनवर, म्हणजे मोकळी मेमरी विखुरलेली असण्यावर घ्या आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजची (आपोआप मोठी पेजेस देणाऱ्या सोयीची) डीफ्रॅग सेटिंग 'ऑलवेज' ठेवली आहे का, ते आधी तपासा.