मिडी कंट्रोलरने गिटार अ‍ॅम्पचे चॅनेल बदलताना या चुका टाळा

कंट्रोलरचे बटण पायाने दाबले, त्याच्या पडद्यावरचा आकडा बदलला, पण अ‍ॅम्प होता त्याच चॅनेलवर राहिला, अशी तक्रार करणारा वादक बहुधा अ‍ॅम्पच बिघडला असे धरून चाललेला असतो. मिडी म्हणजे संगीताच्या यंत्रांनी एकमेकांना आदेश देण्याची भाषा. तिच्या केबलमधून आवाज जात नाही, फक्त आकडे जातात. ते पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राने त्यांचा वेगवेगळा अर्थ लावला, तर दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही काम होत नाही.

गोंधळाची सुरुवात ‘चॅनेल’ या शब्दापासूनच होते. अ‍ॅम्पचे चॅनेल म्हणजे क्लीन (स्वच्छ), क्रंच (किंचित फाटलेला) किंवा लीड (पुरता फाटलेला) असा आवाजाचा प्रकार. मिडीचे चॅनेल म्हणजे १ ते १६ पैकी एक क्रमांक, जो संदेश कोणत्या यंत्रासाठी आहे हे सांगतो. लीड हे अ‍ॅम्पचे तिसरे चॅनेल आहे म्हणून कंट्रोलरवर मिडी चॅनेल ३ निवडणारे नवशिके मी पाहिले आहेत. अ‍ॅम्प १ वर ऐकत असेल, तर ३ वर पाठवलेला संदेश तो सरळ सोडून देतो. पुष्कळ यंत्रे ‘ओम्नी’ स्थितीत, म्हणजे सर्व चॅनेलवर ऐकणारी असतात. एकटा अ‍ॅम्प जोडलेला असेपर्यंत त्याचा त्रास जाणवत नाही. सोबत डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारे पेडल आले, की अ‍ॅम्पसाठी पाठवलेल्या संदेशाने डिलेचा प्रीसेटही (साठवून ठेवलेली मांडणी) बदलतो. म्हणून प्रत्येक यंत्राला पहिल्या दिवशीच स्वतंत्र मिडी चॅनेल द्यावे आणि तो क्रमांक चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या मागे लावावा.

दुसरी चूक एका आकड्याची असते आणि ती मला चांगलीच महागात पडली आहे. प्रोग्रॅम चेंजच्या, म्हणजे ‘अमुक क्रमांकाची मांडणी लाव’ असे सांगणाऱ्या संदेशात ० ते १२७ असे आकडे जातात, पण काही यंत्रे तेच आकडे १ ते १२८ असे दाखवतात. एका गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाला माझा कंट्रोलर ऐन वेळी बंद पडला, म्हणून मित्राचा आणला. माझ्या कंट्रोलरवर १ म्हणजे क्लीन आणि २ म्हणजे लीड होते. मित्राचा कंट्रोलर मोजणी ० पासून करत होता. त्यावर मी १ लावले आणि एका हळुवार गाण्याच्या पहिल्याच सुरावटीला लीडचा कर्कश आवाज मंडपभर घुमला. उसना कंट्रोलर वापरताना तो ० पासून मोजतो की १ पासून, हे आधी पाहावे. त्याचबरोबर मार्शलच्या जेव्हीएमसारख्या मिडी असलेल्या अ‍ॅम्पला कोणत्या क्रमांकावर कोणते चॅनेल हवे, हे आधी साठवून द्यावे लागते, हेही विसरू नये.

ज्या जुन्या अ‍ॅम्पला मिडी नाही, फक्त फूटस्विचचा जॅक आहे, त्याला मधे रिले (विजेने उघडमीट होणारा स्विच) असलेला स्विचर लागतो. मिडीची केबल एखाद्या अ‍ॅडॅप्टरने थेट फूटस्विचच्या जॅकमध्ये खुपसण्याचा उद्योग कोणी करू नये. खरी मेख लॅचिंग आणि मोमेंटरी या फरकात आहे. लॅचिंग अ‍ॅम्पमध्ये जोडणी जुळलेली असेपर्यंत एक चॅनेल आणि तुटल्यावर दुसरे चालते; मोमेंटरी अ‍ॅम्प जोडणीच्या प्रत्येक क्षणिक स्पर्शाला चॅनेल बदलतो. स्विचरची मांडणी उलटी झाली, तर तिची खूण लगेच ओळखता येते. बटण दाबताच चॅनेल क्षणभर बदलून परत येत असेल, तर लॅचिंग अ‍ॅम्पला मोमेंटरी मांडणी लागली आहे; एक दाब सोडून दुसऱ्या दाबाला चॅनेल बदलत असेल, तर नेमके उलट झाले आहे. मोमेंटरी अ‍ॅम्प सुरू करताना तो कोणत्या चॅनेलवर आहे हे कानाने तपासावे, कारण एकदा क्रम उलटा पडला की पुढची सगळी बटणे उलटी चालतात. जॅक स्टीरिओ असेल, तर टिप (प्लगचे टोक) आणि रिंग (त्यामागचे कडे) यांवर बहुधा चॅनेल आणि रिव्हर्ब अशी दोन कामे वाटलेली असतात; तिथे मोनो केबल लावल्यास रिंग ग्राउंडला जोडली जाते आणि ते दुसरे काम एकाच स्थितीत अडकून बसते.

केबलच्या चुका साध्या, पण वेळखाऊ असतात. कंट्रोलरच्या आउटमधून अ‍ॅम्पच्या इनमध्ये जावे, आणि पुढच्या यंत्राकडे थ्रूमधून, म्हणजे आलेला संदेश तसाच पुढे देणाऱ्या जॅकमधून. आलेला संदेश आउटमधून पुढे जातोच असे नाही. मिडीसाठीच्या छोट्या ३.५ मिलिमीटर जॅकचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, ज्यांत टिप आणि रिंग यांची अदलाबदल असते. २०१८ मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, तरी बी प्रकारची पेडल अजून वापरात आहेत, आणि चुकीच्या केबलने काहीच पोचत नाही. यूएसबीच्या बाबतीत एवढेच, की कंट्रोलर आणि पेडल ही दोन्ही संगणकाला जोडायची यंत्रे असतील, तर मधे यूएसबी होस्ट असल्याशिवाय ती एकमेकांशी बोलत नाहीत.

चॅनेल बदलताना आवाज क्षणभर तुटतो, तेव्हा ‘मिडी हळू आहे’ असे सर्रास म्हटले जाते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि प्रोग्रॅम चेंजला केवळ दोन बाइट लागतात, म्हणजे तो संदेश एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो. उशीर होतो तो पेडलला नवा प्रीसेट उचलून मांडताना. डिलेचे उरलेले प्रतिध्वनी न तुटता विरायला हवे असतील, तर त्या पेडलला प्रोग्रॅम चेंज पाठवण्याऐवजी कंट्रोल चेंजने (एकच गोष्ट बदलणाऱ्या संदेशाने) फक्त बायपास करावे, बहुधा पेडल बंद करण्यासाठी ० आणि चालू करण्यासाठी १२७ पाठवावे, आणि पेडलच्या मेनूत ‘ट्रेल्स’ (प्रतिध्वनी विरू देणारी सोय) चालू आहे ना, ते पाहावे.