मधल्या किमतीचे टायर: कंपनीला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

मधल्या किमतीच्या टायरबद्दल साधारण दोनच मतं कानावर येतात. बसवून आठवडा झाला की, "महागड्यांइतकेच भारी आहेत, लोक उगाच पैसे उडवतात." वर्षभराने तोच माणूस म्हणतो, "चुकूनही घेऊ नका, १५ हजारांत गोटा झाले." पहिलं मत नव्या रबराच्या कौतुकाचं असतं. दुसरं बहुतेक वेळा हवेबद्दल आणि अलाइनमेंटबद्दल (चाकांचे कोन जुळवण्याबद्दल) असतं, फक्त बोलणाऱ्याला ते माहीत नसतं. महाग आणि मधल्या टायरमध्ये फरक असतोच. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला किती अंतर घेते आणि नक्षी अर्धी झिजल्यावर आवाज किती वाढतो, तिथे तो कळतो. पण १५ हजारांत कडा खाल्ल्या जाण्याशी टायरच्या किमतीचा संबंध क्वचितच असतो.

अलाइनमेंटच्या हिरव्या कागदावर डोळे मिटून विश्वास

एका सेडानची गोष्ट नमुन्यादाखल पुरेशी आहे. चारही टायर नवे, १९५/६५ आर १५, मधल्या किमतीचे. त्याच दिवशी कॉम्प्युटरवर अलाइनमेंट झालं, छापील कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. १४ हजार किलोमीटरला पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा तारा दिसेपर्यंत गेल्या. बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली ५ मिमी शिल्लक होती, त्यामुळे उभ्या गाडीकडे बघून कोणाला संशयही आला नाही. निदान ठरलेलं: रबर मऊ, कंपनी फालतू. पुढे दुसऱ्या कंपनीचे, जास्त महागाचे दोन टायर आले. ५ हजारांत त्यांच्याही आतल्या कडा खरवडल्यासारख्या दिसायला लागल्या.

मग कोणीतरी गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मला, म्हणजे चाक गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला, पहारीने दाब दिला, आणि त्याच्या सांध्यातला मागचा रबरी बुश फाटलेला निघाला. रॅम्पवर गाडी शांत उभी असताना आर्म आपल्या जागी बसतो, म्हणून मशीनला सगळं ठीक दिसतं. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो, चाकं पुढून बाहेरच्या बाजूला फाकतात आणि आतली कड घासत जाते. मशीनने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ढिल्या सस्पेन्शनवर केलेलं अलाइनमेंट गाडी रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरं असतं, एवढंच.

टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, किती नुकसान करतो त्याचा हिशेब सोपा आहे. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला तर दर किलोमीटरला ते चाक साधारण ४.४ मीटर आडवं घासतं. १० हजार किलोमीटरमध्ये हे आडवं घासणं ४४ किलोमीटर होतं. जगातलं कुठलंही रबर यात टिकणार नाही, मग त्यावर नाव कोणाचंही असो.

माझा क्रम ठरलेला आहे आणि त्यात घाई चालवून घेत नाही. आधी चारही टायरची हवा सारखी करायची. मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं हाताने आणि पहारीने तपासायची. पुढचं चाक उचलून घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं आणि खटखट जाणवली, तर संशय टाय रॉडवर. १२ आणि ६ च्या जागी खटखट असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. सैल भाग बदलल्याशिवाय अलाइनमेंट करायचंच नाही. स्टिअरिंग सरळ ठेवून क्लॅम्प लावला आहे ना, ते स्वतः बघायचं. कागद दोन मागायचे, आधीच्या आकड्यांचा आणि नंतरच्या. आधीचा कागद द्यायला कुरकुर होत असेल तर दुसरीकडे जा. किती चुकलेलं होतं हे कळलं नाही तर का चुकलं हे शोधणार कसं? मागच्या चाकांचे आकडेही वाचा. पुष्कळ छोट्या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल जुळवता येत नाही, पण तो वाकलेला असला तर कागदावर दिसतो.

आणि दर महिन्याला तळहात फिरवा. नक्षीवरून आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचत असेल तर टो चुकलाय. एकच कड सपाट झिजली आहे पण बोचत नाही, तर कॅम्बर, म्हणजे चाक समोरून बघताना आत किंवा बाहेर कललेलं असण्याचा कोन, बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्यच झिजला तर हवा जास्त होती. जागोजागी खड्डे-उंचवटे आले असतील तर शॉक अ‍ॅब्झॉर्बर संपले किंवा बॅलन्सिंग गेलं. एवढी माहिती टायर फुकट देतो, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघायला फार थोडे लोक वाकतात.

साइडवॉलवरचा आकडा वाचून हवा भरणं

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असताना किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालल्यावरचा.

लांब चालवून आल्यावर दाब ३ ते ५ पीएसआयने चढलेला असतो. गेजवर ३७ दिसलं म्हणून हवा सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९ उरते. ही चूक लोक "सुरक्षेसाठी" करतात. प्रत्यक्षात टायर तापतो आणि फुटतो तो कमी हवेमुळे, कारण साइडवॉल सारखी दुमडत राहते. बाहेरचं तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब दीड-दोन पीएसआय उतरतो, त्यामुळे ऋतू बदलला की तपासणं आलंच. स्वतःचा गेज घ्या. पंपावरचा गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतो.

नायट्रोजन भरायचा तर भरा, वाईट काही नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पण "आत नायट्रोजन आहे, साधी हवा चालणार नाही" म्हणून २६ पीएसआयवर गाडी पळवणारे लोक आहेत, त्यांच्यापुढे हात जोडावेत.

दोनच नवे घेतले आणि पुढे लावले

ही चूक आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त धोक्याची आहे, आणि करणाऱ्याला ती शहाणपणाचीच वाटते. पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भार घेतात, तेव्हा चांगले टायर पुढे. ऐकायला बरोबर वाटतं. कित्येक टायरवालेही असंच बसवून देतात, कारण झिजलेले पुढचे असतात आणि मागची चाकं खोलायचं काम वाचतं.

आता पाऊस आणा. पुढे ८ मिमी नक्षी, मागे ३. वळणावर पाण्याचा थर आहे. पुढचे टायर पाणी कापतात, गाडी निमूट वळायला लागते. मागचे पाण्यावर तरंगतात आणि शेपूट बाहेर जातं. ड्रायव्हर दचकून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं, मागच्या चाकांवरचा उरलासुरला भारही हलका होतो आणि गाडी गर्रकन फिरते. याच जागी जुने टायर पुढे असते तर गाडी वळणाच्या बाहेर सरकली असती, स्टिअरिंग हलकं लागलं असतं, पाय उचलल्यावर वेग कमी होऊन पकड परत आली असती. पुढची पकड जाताना स्टिअरिंगमधून हाताला कळते. मागची गेलेली कळते तोवर उशीर झालेला असतो, आणि ती सावरणं सरावाशिवाय जमत नाही.

म्हणून गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो की मागच्या, नवी जोडी मागे आणि मागची बरी जोडी पुढे. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर दोनच टायर बदलण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. चारही टायरच्या नक्षीत किती फरक चालेल याची मर्यादा काही गाड्यांमध्ये फार बारीक असते, आणि ती ओलांडली की भुर्दंड गिअर आणि कपलिंगवर पडतो.

अशी वेळ यायलाच नको असेल तर ८ ते १० हजार किलोमीटरला रोटेशन करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. साइडवॉलवर बाण असलेले एकदिशा टायर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

घेताना आणि बसवताना

"साइज तोच आहे" हे अर्धवट उत्तर आहे. १९५/६५ आर १५ नंतर येणारं ९१ एच तेवढंच महत्त्वाचं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०. गाडीसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा खाली जाऊ नका.

बनल्याची तारीख साइडवॉलवरच्या डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. ती बऱ्याचदा एकाच बाजूला असते, म्हणून रिमवर चढण्याआधी दोन्ही बाजू बघा. चढल्यावर "आतल्या बाजूला आहे साहेब" हे उत्तर ठरलेलं.

असमान नक्षीच्या टायरवर "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर दिसली पाहिजे. चारही वेळा खात्री करा, तीन बरोबर आणि एक उलटा असं सर्रास होतं.

टायरसोबत रबरी व्हॉल्व्हही नवा. इथे काटकसर करणाऱ्याला पुढे हळूहळू उतरणारी हवा छळते.

नट एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. हाताने चढवायचे, समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करायचे आणि शेवट टॉर्क पान्याने. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना ९० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

पहिले ३०० किलोमीटर जपून चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर वर असतो आणि तो जाईपर्यंत पकड पूर्ण नसते. चकाकी आणणारा स्प्रे नक्षीवर मारणाऱ्यांना काय सांगावं!

पंक्चरची गोष्ट वेगळीच. नक्षीच्या भागात ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं, साइडवॉलचं होत नाही. बाहेरून कोंबलेली दोरी घरी पोचण्यापुरती. टायर उतरवून आतून पॅच आणि प्लग एकत्र लावला तरच काम पूर्ण. उतरवल्यावर आत काळी रबराची भुकटी दिसली तर समजायचं की तो हवेशिवाय चालवला गेलाय आणि साइडवॉल आतून चिरडली आहे. तो टाकून द्या. साइडवॉलला आलेला फुगाही तसाच: आतले धागे तुटलेत, त्यावर इलाज नाही.

तक्रार करण्याआधी हे करून बघा

गाडी एका बाजूला ओढते? हवा सारखी करा. तरी ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला, एकदिशा नसतील तर. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, बदलली नाही तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक कॅलिपर. दहा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक भांडणं इथेच मिटतात.

८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं तर पुढचं बॅलन्सिंग, सीट थरथरते तर मागचं. दोनदा बॅलन्सिंग करूनही थांबत नसेल तर तिसऱ्यांदा पैसे देऊ नका. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि रिम वाकलेला आहे का ते मशीनवर फिरवून बघायला सांगा. गाडी महिनाभर उभी होती आणि सकाळी धडधडते, तर आधी १५-२० किलोमीटर चालवा. खाली दबलेला भाग गरम होऊन बहुधा गोल होतो.

घूं घूं आवाज येतो तेव्हा सगळे टायरला दोष देतात. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. त्याच वेगात, मोकळ्या रस्त्यावर, स्टिअरिंग किंचित डावीकडे-उजवीकडे केल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर बेअरिंग.

राहिली ती "नवे टायर लावले आणि मायलेज पडलं" ही तक्रार. नव्या टायरची जाड नक्षी झिजलेल्यापेक्षा जास्त इंधन खाते, हे खरं. पण दुसरं कारण कोणी सांगत नाही. २ मिमी उरलेल्या टायरच्या जागी ८ मिमीचा आला की व्यास १२ मिमीने वाढतो, म्हणजे ६३४ मिमीच्या चाकात जवळजवळ २ टक्के. चाकाचे फेरे तेवढे कमी होतात आणि ओडोमीटर अंतर कमी मोजतो. लिटरला २० देणारी गाडी तेवढंच इंधन जाळून १९.६ दाखवते. टायर बदलल्यावर मायलेजची तुलना करायची असेल तर मैलाचे दगड किंवा जीपीएसवरचं अंतर धरा, आणि तीही हजारभर किलोमीटर झाल्यावर.