पालिकेसाठी वाहने आणि यंत्रे खरेदी करताना या चुका टाळा

नगरपरिषदेच्या किंवा लहान महानगरपालिकेच्या आवारात दोन-तीन वर्षांपूर्वीच घेतलेली जेटिंग गाडी, म्हणजे उच्च दाबाच्या पाण्याने मलवाहिन्या साफ करणारी गाडी, धूळ खात उभी दिसली, की दोष चालकाला, गॅरेजला किंवा पुरवठादाराला दिला जातो. त्या गाडीची नस्ती, म्हणजे खरेदीची फाइल, काढून वाचली तर बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा निविदेच्या तांत्रिक विनिर्देशांत, म्हणजे यंत्र कसे हवे याच्या वर्णनात, सापडते. शेजारच्या पालिकेची जुनी निविदा मागवायची, तिच्यावरचे नाव बदलायचे आणि ती प्रसिद्ध करायची, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की आपल्या शहरातल्या गल्ल्या, चेंबर आणि कचरा तिथल्यासारखे आहेत का, हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. पुढील चुका बांधकाम, स्वच्छता आणि यांत्रिकी या तिन्ही विभागांशी संबंधित आहेत.

आकारमान पाहणे आणि वजन विसरणे

सर्वात महाग पडणारी चूक हीच आहे, आणि ती साध्या गुणाकाराने टाळता येते. तीन घनमीटरची बॉडी असलेली लहान घंटागाडी हे उदाहरण घेऊ. भारतीय शहरांतल्या मिश्र कचऱ्याची घनता घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो धरतात, आणि पावसात भिजलेला ओला कचरा त्याहूनही जड असतो. म्हणजे बॉडी काठोकाठ भरली की भार १२०० ते १५०० किलो होतो. ज्या छोट्या चॅसिसवर (इंजिन आणि चाकांसह असलेल्या सांगाड्यावर) ही बॉडी चढवलेली असते, तिची वहनक्षमता मात्र अनेकदा पाऊण टनाच्या आसपासच असते, आणि त्यातूनही बॉडीचे व हायड्रॉलिक टिपिंगचे वजन वजा करावे लागते. निविदेत "किमान तीन घनमीटर" लिहिणाऱ्याने नकळत रोजच्या अतिभाराचीच अट घातलेली असते. मग स्प्रिंगचे पाटे तुटतात, मागचे टायर लवकर झिजतात, क्लच प्लेट वारंवार बदलावी लागते, आणि चालक गाडी नीट हाकत नाहीत असा शेरा लॉगबुकात पडतो.

पाणी मारण्याबरोबर गाळ ओढूनही घेणाऱ्या जेटिंग-कम-सक्शन गाडीत हीच गफलत अधिक गंभीर ठरते. १६ टन एकूण वजनाच्या वर्गातली चॅसिस केबिनसह साडेचार टनांची धरली आणि टाक्या, पंप, रील व हायड्रॉलिक यंत्रणा मिळून चार टन धरले, तर भारासाठी साडेसात टन उरतात. निविदेत मात्र सहा हजार लिटर गाळाची आणि तीन हजार लिटर पाण्याची टाकी मागितलेली असते. पाण्याचे नऊ टन इथेच होतात आणि गाळ पाण्यापेक्षा जड असतो. पाणी वापरले जाईल तसा गाळ भरत जातो, त्यामुळे दोन्ही टाक्या एकाच वेळी भरलेल्या नसतात, असा युक्तिवाद पुरवठादार करतो. तो अंशतः खरा आहे, पण गाडी डेपोतून पाणी भरून निघते आणि परतताना गाळाने भरून येते, या दोन्ही स्थितींचा हिशेब त्याने लेखी दिला पाहिजे. म्हणून तांत्रिक लिफाफ्यात धुरागणिक (प्रत्येक ॲक्सलवर पडणाऱ्या) वजनाचा तक्ता मागावा, आणि गाडी ताब्यात घेताना ती रिकामी व भरलेली अशी दोनदा वजनकाट्यावर चढवून दोन्ही पावत्या नस्तीला लावाव्यात.

पंपाचे आकडे न पडताळता उतरवणे

उच्च दाबाच्या पंपासाठी लागणारी शक्ती काढण्याचे सूत्र कनिष्ठ अभियंत्यालाही ठाऊक असते: बारमधला दाब आणि मिनिटाला लिटरमधला प्रवाह यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. १५० बार आणि २०० लिटरच्या पंपाला सुमारे ५० किलोवॅट लागतात. २०० बार आणि ३०० लिटरच्या पंपाला १०० किलोवॅट. तरीही दुसरा पंप मागून त्याच्यासाठी ६० अश्वशक्तीचे, म्हणजे ४५ किलोवॅटच्या आतले, स्वतंत्र इंजिन मागणाऱ्या निविदा निघतात. त्यातला कोणता तरी एक आकडा खोटा ठरणार हे उघड असते, आणि तो बहुधा प्रवाहाचा असतो, कारण दाब गेजवर दिसतो, तर प्रवाह मोजायला कोणी जात नाही. तो मोजणे अवघड नाही. दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवावा, नोझल काढून होज त्यात सोडावा आणि घड्याळ लावावे. मिनिटाला दोनशे लिटर म्हणून विकलेला पंप तो ड्रम मिनिटभरात भरणार नसेल, तर स्वीकृतीच्या कागदावर सही करू नये. नोझल काढल्यावर दाब पडतो, त्यामुळे ही फक्त पहिली चाळणी आहे. दाबासह प्रवाहाची खात्री करण्यासाठी नोझल लावून टाकी किती वेळात रिकामी होते तेही नोंदवावे.

सक्शनबाबतही असेच आहे. निर्वाताने पाण्याचा अखंड स्तंभ समुद्रसपाटीला १०.३ मीटरपेक्षा वर येऊ शकत नाही. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच दमछाक होते. त्याहून खोल चेंबरमधून गाळ ओढायचा, तर हवेच्या मोठ्या प्रवाहाबरोबर तो उचलणारी यंत्रणा लागते आणि ती वेगळ्या किमतीची असते. म्हणून आपल्या मलवाहिनीच्या आराखड्यातले सर्वात खोल दहा चेंबर आणि सर्वात अरुंद दहा रस्ते निविदेपूर्वी मोजावेत. पुण्यातल्या पेठा, पंचवटी, वाई किंवा पैठण यांसारख्या जुन्या वस्त्यांत गाडीची लांबी आणि वळणाची त्रिज्या हा टाकीच्या क्षमतेपेक्षा महत्त्वाचा मुद्दा असतो. गाडी चेंबरपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा चेंबरमध्ये माणूस उतरवण्याचा मोह होतो. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ पासून लागू आहे, आणि मलवाहिनीत मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितले आहे. एका मोठ्या गाडीऐवजी एक मध्यम आणि एक लहान गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी लोकार्पणाच्या छायाचित्रात मोठी गाडी अधिक शोभत असली तरी.

तीन हमीदार आणि एकही जबाबदार नाही

बॉडी बांधलेल्या वाहनात चॅसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची आणि पंप तिसऱ्याचा असतो. पंप बंद पडला की पंपवाला पीटीओकडे (इंजिनाची शक्ती पंपाला देणाऱ्या जोडणीकडे) बोट दाखवतो, बॉडीवाला पीटीओ चॅसिसबरोबर आल्याचे सांगतो, आणि चॅसिसचा विक्रेता बाहेरून जोडणी केल्यामुळे वॉरंटी संपल्याचे पत्र देतो. त्यातच चॅसिसची वॉरंटी अनेकदा तिच्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे बॉडी बांधून नोंदणी होईपर्यंत गेलेले चार-सहा महिने पालिकेच्या खात्यातून वजा झालेले असतात. यासाठी निविदेतच तीन वाक्ये असावीत. संपूर्ण वाहनाची जबाबदारी एकट्या पुरवठादाराची राहील. वॉरंटीचा कालावधी यंत्र कार्यान्वित झाल्याच्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजला जाईल. पीटीओची जोडणी चॅसिस उत्पादकाला मान्य असल्याचे पत्र निविदेसोबत जोडले जाईल. शेवटचे पत्र मागताच काही निविदाधारक पूर्वनिविदा बैठकीत कुरकुर करतात. त्यांची कुरकुर इतिवृत्तात नोंदवावी आणि अट कायम ठेवावी.

देखभालीचा दरही याच वेळी घ्यावा. निव्वळ खरेदीच्या किमतीवर लघुत्तम दर ठरवला, तर स्वस्त गाडी आणि महाग सुटे भाग हे समीकरण ठरलेलेच आहे. वॉरंटीनंतरच्या तीन ते पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा वार्षिक दर दुसऱ्या, म्हणजे दराच्या, लिफाफ्यात मागवून तो तुलनात्मक तक्त्यात मूळ किमतीत मिळवावा, आणि तसे करणार असल्याचे निविदेत आधीच जाहीर करावे. नंतर ठरवलेला निकष वादात टिकत नाही.

किलोमीटर मोजणे, तास न मोजणे

जेटिंग गाडी दिवसाला जेमतेम वीस किलोमीटर धावते, पण तिचे इंजिन पीटीओवर सहा तास चालू असते. सर्व्हिसिंग किलोमीटरवर ठेवले, तर ऑइल बदलण्याची वेळ येईपर्यंत ते काळेकुट्ट आणि पातळ झालेले असते. जेसीबी, रोलर, रोड स्वीपर आणि जेटिंग या सर्वांना बिघडणार नाही असा आवर मीटर असावा आणि लॉगबुकात किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकाना असावा. डिझेलचा हिशेबही तासावर काढला, की डिझेल गेले कुठे या नेहमीच्या लेखा आक्षेपाला उत्तर देता येते.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकाच्या गाड्यांनी या प्रश्नात भर घातली आहे. उभ्या जागी कमी फेऱ्यांवर चाललेल्या इंजिनाचा धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे धुराच्या नळीतल्या डीपीएफ गाळणीत काजळी साठत जाते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, आणि एके दिवशी गाडी पिकअपच घेत नाही. गॅरेजमध्ये मग डिझेल पंप आणि टर्बो तपासण्यात दोन दिवस जातात. उपाय साधा आहे: दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उभ्यानेच रिजनरेशन करावे, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकावी, किंवा गाडी हमरस्त्यावर वेगात फिरवून आणावी, आणि पुन्हा पुन्हा दिवा लागत असेल तर पीटीओ चालताना इंजिनाच्या फेऱ्या किती ठेवल्या जातात ते पाहावे. ज्या गाड्यांना धूर शुद्ध करण्यासाठी डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेत युरिया, लागतो, त्यात ३२.५ टक्के तीव्रतेचे शुद्ध द्रावणच भरावे. शेतीच्या खताचा युरिया पाण्यात विरघळवून ओतल्यास धूर शुद्ध करणारी यंत्रणा कायमची निकामी होते आणि वॉरंटीही जाते. हा प्रकार बहुधा अज्ञानाने होत नाही. अंदाजपत्रकात डीईएफसाठी तरतूदच नसते आणि गाडी तर सकाळी बाहेर काढायची असते. बांधकाम यंत्रांनाही १ जानेवारी २०२५ पासून उत्सर्जनाचा पाचवा टप्पा लागू झाला असल्याने नव्या यंत्रांच्या बाबतीत ही तरतूद आधीच करावी.

निविदेच्या कागदातल्या नेहमीच्या चुका

एकाच उत्पादकाच्या पत्रकातले मिलिमीटरपर्यंतचे मोजमाप विनिर्देशांत उतरवणे म्हणजे तक्रारीला आमंत्रण देणे होय. कामगिरी लिहावी, किमान आणि कमाल अशी सीमा द्यावी. मोठी खरेदी निविदा सक्तीची होते त्या मर्यादेखाली आणण्यासाठी तिचे तुकडे पाडणे लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. जेमवर (शासकीय खरेदीच्या ऑनलाइन संकेतस्थळावर) खरेदी करताना जवळचा वाटणारा प्रवर्ग निवडून बाकीचे सारे अतिरिक्त अटींत कोंबण्याची सवयही अंगाशी येते, कारण जेमने अमान्य ठरवलेल्या प्रकारची अट तिथे टिकत नाही. मूळ किंमत आणि वस्तू व सेवा कर वेगवेगळे मागवावेत: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा करासह एकच आकडा घेतलेल्या कार्यालयांना फरकाची रक्कम कोणाची, यावर पत्रव्यवहार करावा लागणे अपरिहार्य होते.

वेळेची चूक मात्र दरवर्षीची आहे. नालेसफाई एप्रिल-मे महिन्यांत होते आणि निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकायचा असतो, म्हणून मार्चमध्ये पुरवठा आदेश निघतो आणि यंत्र जुलैत, भर पावसात, दाखल होते. यालाच वरातीमागून घोडे म्हणतात. मान्यता, निविदा, बॉडी बांधणी, तपासणी आणि नोंदणी यांचे दिवस उलटे मोजले, तर काम साधारण आदल्या पावसाळ्यातच सुरू करावे लागते. तातडीच्या खरेदीची तरतूद यासाठी वापरण्याचा सल्ला काही जण देतात. पावसाळा दरवर्षी येतो, त्यामुळे तो अनपेक्षित प्रसंग होता हे कोणाला पटवणे कठीण आहे.

ताबा, नोंदणी आणि निर्लेखन

नारळ फुटला, फीत कापली गेली, पण परिवहन कार्यालयात नोंदणीच झाली नाही, अशा गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात. नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र, वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे नमुना २२ चे प्रमाणपत्र आणि बॉडीच्या प्रकाराला पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता असल्याचे कागद हाती येईपर्यंत अंतिम देयक देऊ नये. स्थानिक संस्थेच्या वाहनांना विम्यातून आपोआप सूट असते हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार त्यासाठी शासनाचा आदेश आणि स्वतंत्र निधी लागतो. यंत्र चालवण्यासाठी योग्य परवान्याचा चालक पदांच्या आकृतिबंधात किंवा बाह्यस्रोतातून उपलब्ध आहे का, हेही प्रशासकीय मान्यतेपूर्वी पाहावे.

जुन्या वाहनांच्या निर्लेखनाबाबत, म्हणजे ती बाद करण्याबाबत, १ एप्रिल २०२३ पासून नियम स्पष्ट आहे. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, नगरपालिका आणि महानगरपालिकाही त्यात येतात, आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी लागतात. प्रत्येक वाहनाच्या पहिल्या नोंदणीची तारीख घेऊन पुढील पाच वर्षांचा तक्ता केला, तर एकाच वर्षी सहा घंटागाड्या बाद होणार असल्याचे आधीच दिसते.

सदोष यंत्र आधीच आवारात आले असेल, तरी हातात एक साधन उरते, ते पुरवठादाराने पालिकेकडे ठेवलेल्या सुरक्षा अनामतीचे. वॉरंटीच्या काळातला प्रत्येक बिघाड तारीख, तासांचे वाचन आणि यंत्र किती दिवस उभे राहिले यांसह पुरवठादाराला लेखी कळवावा, त्याची पोच घ्यावी, आणि अनामत परत करण्याची टिपणी लेखा विभागाकडे जाण्यापूर्वी तिच्यावर गॅरेजच्या पर्यवेक्षकाचा अभिप्राय सक्तीचा करावा.